तुमचं लहानपणचं घर इथून किती किलोमीटर?

कृष्णाकाठ

लेक पाचवीत आहे. शाळेतून प्रकल्प आलाय: घरातल्या तीन पिढ्यांची माणसं वयाच्या दहाव्या वर्षी कुठे राहत होती आणि आज कुठे राहतात, ते नकाशावर रेघा ओढून दाखवा. प्रकल्प मुलीचा म्हणजे रविवार आपला, हे वेगळं सांगायला नको.

आई मेणवलीची, सासर वाई. अंतर तीन किमी. रेघ काढायला गेलो तर पेन्सिलीचं टोकच जाड निघालं. बाबा वाईत जन्मले, वाईतच आहेत, त्यांचा नुसता ठिपका. मी वाई ते पुणे, नकाशावर सरळ साठ-बासष्ट, एसटीने नव्वदच्या आसपास. बायको मिरजेची, दोनशेच्या वर. बहीण कॅल्गरीला. तिची रेघ कागदावर मावेना म्हणून पृथ्वीचा नकाशा आणावा लागला आणि त्यात आमची वाई-मेणवली पार गडप झाली.

रेघा ओढताना वाटलं, इथल्यांनाही विचारावं. नियम तीनच. घर म्हणजे तुम्ही दहा वर्षांचे असताना जिथे झोपत होतात ते. अंतर सरळ रेषेत. आणि ते अंतर तुम्हाला जास्त वाटतं, बरोबर वाटतं की कमी, हेही सांगा. कमी वाटणारे असतात, मला ठाऊक आहे.

आळशी_बोका

शून्य. तेच घर, तीच खोली. फक्त कॉट बदलली.

मापकाटा

सरळ रेषा म्हणजे कुठली? पृथ्वी गोल आहे, त्यामुळे जमिनीवरून मोजायचं तर कोणत्याही दोन ठिकाणांमधलं अंतर वीस हजार किमीच्या पुढे जाऊच शकत नाही. परीघ चाळीस हजार, त्याचा अर्धा. पुण्यातून जमिनीत सरळ भोक पाडलं तर माणूस बाहेर निघेल तो प्रशांत महासागरात. तिथून वस्ती असलेली सर्वांत जवळची जागा म्हणजे ईस्टर बेट, तेही हजारेक किमीवर. म्हणजे घरच्यांवर कितीही रुसून गेलात तरी मर्यादा आहे. त्याहून थोडं जरी पुढे सरकलात तरी घर जवळ यायला लागतं.

माझं: १.४ किमी. सदाशिव पेठ ते नवी पेठ.

आळशी_बोका

एवढं भूगोल सांगून १.४?

मापकाटा

मध्ये शास्त्री रस्ता आहे. संध्याकाळी सहा वाजता ओलांडून दाखवा, मग बोलू.

मांडवा_जेटी

सरळ रेषेचा नियम आम्हा अलिबागकरांवर अन्याय करणारा आहे. अलिबाग ते गेटवे सरळ मोजाल तर तीसेक किमी. रस्त्याने पेण-पनवेल करत शंभराच्या घरात. वडील मुंबईत नोकरीला, शनिवारी दुपारच्या लाँचने यायचे. मांडव्याला उतरून तासाभरात घरी. जूनमध्ये लाँच बंद झाली की तेच वडील एसटीने, वडखळ नाक्यावर अडकत, रात्री दहाला चिखलाचे बूट हातात घेऊन दारात उभे. म्हणजे आमचं घर वर्षातले आठ महिने मुंबईच्या जवळ आणि चार महिने लांब असायचं. आई पावसाळ्याला 'बाबांचा लांबचा मोसम' म्हणायची.

२०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुरू झाली, आता गाडी बोटीत घालून जातो. आता मी मुलुंडला राहतो. अंतर बरोबर वाटतं. बाबा नाहीत आता, पण रो-रो बघून म्हणाले असते, "आत्ता सुचलं होय तुम्हाला?"

ओटीचा_नारळ

कृष्णाकाठ, तुमच्या आईंची रेघ तीन किमीची म्हणून तुम्ही हसलात, त्यावरून लिहावंसं वाटलं. त्या तीन किमी त्यांना वर्षातून किती वेळा चालायला मिळाल्या, हे विचारलंत का?

२०११ च्या जनगणनेत देशातले पंचेचाळीस कोटींहून जास्त लोक स्थलांतरित म्हणून मोजले गेले. ऐकलं की डोळ्यांसमोर बॅगा घेतलेले नोकरदार पुरुष येतात ना? त्यात बायका निम्म्याहून बऱ्याच जास्त आहेत आणि त्यांचं सर्वांत मोठं कारण नोकरी नाही, शिक्षण नाही, लग्न आहे. तुमच्या आईसुद्धा त्या हिशोबात येतात. तीन किमीच्या स्थलांतरित.

मी परभणीची, आता नाशिक. किलोमीटर तुम्हीच काढा. लहानपणी काही हट्ट केला की आजी म्हणायची, "तुझ्या घरी गेल्यावर कर हं काय ते." तेव्हा मी दहा वर्षांचीच होते, तुमच्या नियमात बसणारी. माझं घर तेव्हा अजून यायचं होतं, आणि ज्यात राहत होते ते भावाचं होतं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत माझं कपाट भाच्याच्या खेळण्यांसाठी गेलं, प्रमाणपत्रांची फाईल माळ्यावर. भांडण नाही कुणाशी, वहिनी फार चांगली आहे. पण मी गेले की पहिला प्रश्न "कधी निघालीस?" आणि दुसरा "किती दिवस आहेस?" हा दुसरा प्रश्न भावाला कोणी विचारत नाही.

कृष्णाकाठ

नाही विचारलं. पुढच्या शनिवारी वाईला जातोय, विचारतो. (हसलो मात्र पेन्सिलीला होतो. पण मान्य.)

संत्रा_बर्फी

माहा मामेभाऊ दुबईत राह्यते, मी पुण्यात. दिवाळीले दोघंबी एकाच दिवशी निघतो. थो इमानानं नागपुरात उतरून, घरी आंघोळ करून, अनारसे खात बसते तवा मी खाजगी बसच्या मागच्या सीटवर, अमरावती अजून चार घंटे. तिकीट त्याचं महाग होतं पहिले, आता तेबी सांगता येत नाही. दिवाळीत बसवाले आपल्याले असे लुटतात का विचारू नका.

अंतर जास्त वाटते. पण पुण्याचे लोक पुरणपोळीत तूप मोजून देतात, ते जास्त वाटते.

मापकाटा

तूप मोजून देत नाही. अंदाज बरोबर असतो.

सॅनहोजे_सायंकाळ

साडेतेरा हजार. इथल्या यादीत आत्तापर्यंत मीच पहिला दिसतोय.

पण एक सांगतो, रागावू नका. मी रोज न चुकता आईशी व्हिडिओवर बोलतो. माझी संध्याकाळ, तिची सकाळ. तिने काय भाजी केली, कोण आलं होतं, गुडघा कसा आहे, सगळं मला माहीत असतं. माझा भाऊ पुण्यातच, वाकडला, आईपासून बारा किमीवर. तो महिन्यातून एकदा जातो, तेही घड्याळ बघत. मग लांब कोण? मला वाटतं किलोमीटर ही जुनी गोष्ट झाली.

वाकड_ते_हडपसर

मी तुमचा भाऊ नव्हे, पण तुमच्या भावाच्या जागेवरचा माणूस आहे. माझा मोठा भाऊ जर्मनीत असतो आणि त्याचाही रोज फोन असतो. त्याचं कौतुक सोसायटीभर.

आता माझा मागचा महिना सांगतो. आईचा गॅस संपला, एजन्सीत ओटीपी माझ्याच फोनवर येतो. दाताच्या कवळीचं माप द्यायला दोन फेऱ्या. उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणून सकाळी साडेसहाला तिच्या दारात. नोव्हेंबरात हयातीचा दाखला, तिच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्यात, यंत्र घेईना. त्या दिवशी माझी अर्धी रजा. माझी आई जिवंत आहे हे मी शेजारी उभा राहून सांगतोय आणि यंत्र नाही म्हणतंय. संपलं की ती म्हणणार, "बस जरा," आणि मी म्हणणार, "निघतो, ट्रॅफिक लागेल." हे तुमच्या आईने तुम्हाला 'घड्याळ बघत आला' म्हणून सांगितलं असणार.

आणि अजून एक. तुमचा फोन यायच्या आधी ती साडी बदलते, पावडर लावते. मी पाहिलंय माझ्या आईला. फोन ठेवल्यावर पाठ टेकून पडते. तुम्हाला पावडर दिसते, आम्हाला पाठ.

सॅनहोजे_सायंकाळ

लागलं. खरं सांगायचं तर काल तुमचं वाचून फोनवर आईला विचारलं की हयातीचा दाखला कोण करतं. म्हणाली, "तो करतो की, अजून कोण?" असं, जणू मी विचारलं पाणी कुठून येतं.

पण दिवसा तिच्याजवळ बाई ठेवली आहे तिचा पगार, औषधं, विमा माझ्याकडे आहे. तेही काम आहे. त्याला 'नुसते पैसे' म्हणू नये एवढीच विनंती.

वाकड_ते_हडपसर

म्हणत नाही. त्या बाई आल्या नाहीत की पुढचा फोन मला येतो, एवढंच.

ओटीचा_नारळ

आणि दोन्ही भावांच्या बायका कुठून कुठे आल्या, त्यांच्या आयांचा हयातीचा दाखला कोण करतं, हे विचारू का?

आळशी_बोका

विचारू नका, रविवार आहे.

गिरणगावचो

आमका ह्यो प्रश्न लागूच पडना नाय. गाव खंयचा विचारल्यार कणकवलीच्या बाजूचा सांगतंव, पण थंय मी सलग पंधरा दिवसाच्या वर कधी रवलंय नाय, गणपती, मे महिनो नि एक वरीस सोडून.

मराठीत लिहितो, नाहीतर अर्धे पळतील. दहाव्या वर्षी लालबागच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं. पाळीप्रमाणे झोपायचं, रात्रपाळीचे काका सकाळी येऊन माझ्याच गोधडीत शिरायचे. वडील गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला तेव्हा मी सातवीत. वडील म्हणाले, दोन महिन्यांत सुटेल, आणि आम्हाला तोवर गावी पाठवलं. त्या वर्षी पहिल्यांदा मी गावी शाळेत गेलो आणि पोरं मला 'मुंबयकार' म्हणून चिडवायची. चाळीत सगळे आम्हाला कोकणातले म्हणायचे. संपाचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

आता बदलापूर. लालबागपासून सरळ रेषेत पन्नासच्या आत असेल. चाळीच्या जागी टॉवर आहे, खालून जाताना मान वर करून बघतो. कणकवलीचं घर बंद असतं, गणपतीला अकरा दिवस उघडतं. कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण सुरू झाली तेव्हा वाटलं आता गाव जवळ आलं. आलंही. तिकीट मात्र लांब गेलं, दोन महिने आधी खिडकी उघडते आणि दोन मिनिटांत प्रतीक्षा यादी.

तर मी नक्की कुठून मोजू? आईला विचाराल तर ती कणकवली सांगेल. मला रात्री स्वप्न पडतं ते चाळीच्या नळावरच्या रांगेचं.

राजवाडा_चौक

इंदूर ते पुणे. तिकडे आम्ही 'मराठी लोक', इकडे आल्यावर 'हिंदी मराठीवाले'. मी एकदा दुकानात म्हणालो, "पोहे लावून द्या," तर दुकानदार म्हणाला, "कुठे लावू?" अंतराचं माहीत नाही, पण सकाळी पोह्यांवर शेव आणि जिरावण नसलं की फार लांब आल्यासारखं वाटतं.

मांडवा_जेटी

थोडं अवांतर. घर सोडलं तरी नाव सोडत नाही, अशी आमच्याकडची माणसं आठवली. अलिबागेत इस्रायल आळी आहे. बेने इस्रायली कुटुंबांची आडनावं कोकणातल्या गावांवरून पडलेली, किहीमकर, रोहेकर अशी. १९४८ नंतर बरीचशी तिकडे गेली. चार हजार किमी लांब, तिसऱ्या पिढीला किहीम समुद्राच्या कुठल्या बाजूला हे माहीत नसेल, पण दारावरच्या पाटीवर गाव आहे. आमच्या शेजारचं एक कुटुंब मी लहान असताना गेलं. त्यांच्या आजी दोन वेळा परत येऊन गेल्या. दोन्ही वेळा आल्या आल्या आमच्या विहिरीचं पाणी मागितलं आणि दोन्ही वेळा म्हणाल्या, "खारट झालंय." आमचं पाणी आधीपासून खारटच होतं.

तेरणाकाठ

तीन किमीपेक्षा कमी. सांगू की नको असं चाललं होतं दोन दिवस.

आमचं गाव किल्लारीच्या बाजूचं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायला चार मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन करून सगळे थकून झोपलेले, मी दहा वर्षांचा. धाग्याचा नियम वाचला तेव्हा तेच आधी डोक्यात आलं. आमची घरं माळवदाची, दगड-मातीच्या हातभर जाड भिंती, वर लाकडावर मातीचा थर. उन्हाळ्यात गार असायची. त्या रात्री तोच थर वर पडला. पुढचं लिहीत नाही.

पन्नासाहून जास्त गावं नवीन जागी वसवली, त्यात आमचं एक. नवं गाव आखीव आहे, रुंद रस्ते, एकसारखी घरं, दोन घरांत मोकळी जागा. पहिली दोन वर्षं म्हातारी माणसं आपलं घर चुकायची, कारण सगळी सारखी. आजी दाराला जुन्या घराची कडी बांधून ओळखायची. जुन्या गावात शेजारणीने फोडणी दिली की आपल्याला ठसका लागायचा. नव्या गावात हाक मारली तरी ऐकू जात नव्हती.

जुनी जागा दुचाकीने पाच मिनिटांवर. बाभळी आहेत, चिल्लारी आहेत. आमचं घर कोणतं ते मला सांगता येतं, कारण समोरच्या आडाचा कठडा शिल्लक आहे. बत्तीस वर्षांत चार वेळा गेलोय. आई एकदाही नाही. तिथून तिचं शेत जवळ पडतं, तरी ती शेताला लांबच्या वाटेने जाते.

अंतर कमी वाटतं. तुम्ही म्हणालात ना, कमी वाटणारे असतात.

कृष्णाकाठ

लिहिलंत, आभार. काय बोलू कळत नाही.

भिगवण_थांबा

तेरणाकाठ, नमस्कार. आमचं घर आहे तिथेच आहे, पाणी वर आलं. उजनी १९८० ला पूर्ण झालं. तुम्ही सगळे आडवं अंतर मोजताय, आमचं उभं आहे. मी राहतो तिथून नावेने अर्धा तास, मग सरळ खाली.

दुष्काळी साली पाणी आटतं तेव्हा पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. पुण्या-मुंबईची माणसं कॅमेरे घेऊन येतात. थंडीत रोहित पक्षी बघायला येतात, उन्हाळ्यात आमचं गाव. देवळाचे फोटो सगळे काढतात. आम्ही मात्र त्याच्या पलीकडे गाळात काय दिसतंय ते बघत असतो. वडील जातं शोधायचे. दोन वेळा सापडलं, पण जड म्हणून तिथेच ठेवलं, परत पाणी आलं. तिसऱ्यांदा कोणीतरी नेलं होतं.

क्वार्टर_नं_बावीस

जड झालंय, जरा हलकं करतो.

वडील रेल्वेत. मनमाड, दौंड, भुसावळ. दहाव्या वर्षी भुसावळ. आता ठाणे. मागच्या वर्षी कामासाठी गेलो होतो तर क्वार्टर शोधत गेलो. दार वाजवलं. एक बाई आल्या, मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "आलात का? तीन महिने झाले तक्रार देऊन." मला आत नेलं, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात वर बोट दाखवलं. ओल. भिंतीच्या त्याच कोपऱ्यात, जिथे माझी आई पातेलं ठेवायची. चाळीस वर्षांपूर्वी वडिलांनी त्याच ओलीचे अर्ज दिले होते.

मी सांगितलं की मी दुरुस्तीचा माणूस नाही, इथे राहायचो. त्या म्हणाल्या, "मग तेव्हाच नाही का करून घ्यायचं?"

चहा दिला त्यांनी. आतल्या खोलीत मी जिथे अभ्यास करायचो तिथे त्यांचा मुलगा कानात गोळे घालून पडला होता. त्याने मान वर केली नाही. मीही तेव्हा पाहुणे आले की असाच.

आळशी_बोका

हा या धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. ओल अमर आहे.

फडावरचा

उशिरा येतोय. माझ्या बाबतीत नियमच अडतो.

बीड जिल्हा, धारूरकडचा. आई-वडील ऊसतोड. दसरा झाला की टोळी निघायची, ट्रकमध्ये भांडी, शेळी, कोंबड्या, त्यावर आम्ही. मुकादमाकडून उचल घेतलेली असायची, ती फिटेपर्यंत परत येणं नाही. नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात, म्हणजे 'किती माणसं?' असं कोणी विचारत नाही, 'किती कोयते?' विचारतात. माझे आई-वडील दोघं मिळून एक.

दहाव्या वर्षी मी सहा महिने गावात आजीजवळ आणि सहा महिने सांगलीकडच्या एका कारखान्याच्या अड्ड्यावर. कोपीत झोपायचो. बांबू वाकवून वर पाचट-चटई टाकली की झाली कोपी, आत वाकूनच जायचं. पहाटे तीनला आई उठून भाकरी थापायची, मग फडावर. मी धाकटीला सांभाळायचो आणि वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंड्या मोजायचो, कारण वाढं विकून रोजचं मीठ-मिरची यायची. दरवर्षी कोपी नव्या जागी. मग घर कोणतं? गावाकडचं, जिथे आई नव्हती, की फडावरचं, जिथे भिंत नव्हती?

आता उत्तर ऐका. मी जिल्हा परिषदेचा शिक्षक आहे. भरतीत मला मिळाला सांगली जिल्हा. माझ्या शाळेपासून चार किमीवर तो अड्डा आहे. शिक्षक खोलीत सगळे म्हणतात, सर किती लांबून आलात, गावाची आठवण येत असेल. मी हो म्हणतो. कागदावर मी तीनशे किमीच्या आसपास लांब आहे. आणि दर नोव्हेंबरात शाळेसमोरून बैलगाड्या जायला लागल्या की मी वर्ग सोडून अड्ड्यावर जातो, पोरं गोळा करून आणायला. मुलं येत नाहीत, धाकट्यांना कोण बघणार. मी म्हणतो, धाकट्यांनाही घेऊन या, वर्गात बसू देत. मागच्या वर्षी सातजणांच्या कडेवर पाच होती. मुख्याध्यापक बोलले. बोलू देत.

कमी की जास्त, ते नाही सांगता येणार.

ओटीचा_नारळ

सर, नमस्कार तुम्हाला.

संत्रा_बर्फी

+१. यावर आपण काय बोलाव.

दुपारची_झोप

गेले चार दिवस नुसती वाचते आहे. इथे किमी, तास, तिकीट, पाणी सगळं झालं. आमच्या घरात एक वेगळंच माप आहे, आणि ते आम्ही कोणी मोठ्याने बोलत नाही. 'माझ्यासाठी थांबतील का?'

बाबा गेले तेव्हा मी बंगळुरूला होते. पहाटे दोनला फोन. काका म्हणाले, "कितीला पोचशील?" त्या एका वाक्यात सगळा हिशोब असतो. पहिलं विमान, मग विमानतळावरून साताऱ्यापर्यंत गाडी, म्हणजे दुपारी एक. पलीकडे कोणीतरी हळू आवाजात विचारत होतं, बर्फ सांगायचा का. काका म्हणाले, "थांबतो." मी पोचले. माझी मावसबहीण मस्कतला असते. तिच्या वेळेला "थांबू नका" असं तिनेच सांगितलं, आणि ती आजवर म्हणते की मी ते सांगायला नको होतं.

तेव्हापासून घर बदलायची गोष्ट निघाली की मी मनात तेवढंच मोजते. सूर्य मावळायच्या आत पोचता येईल का.

सॅनहोजे_सायंकाळ

दोन वेळा टाइप करून खोडलं. आमच्याकडे भावाने सांगून ठेवलंय, "तू ये, आपण थांबू, कितीही वेळ लागला तरी." वाकड_ते_हडपसर, हे तुमच्यासाठी लिहितोय. त्या घड्याळ बघणाऱ्या भावानेच.

वाकड_ते_हडपसर

थांबतो आम्ही. ते काय सांगायचं.

आळशी_बोका

मी शून्य लिहून निसटलो होतो, सगळे एवढं खरं लिहितायत तर मीही लिहितो. दोन बहिणी लग्न करून गेल्या, भाऊ पुण्याबाहेर. मी गेलो नाही, यात माझं कर्तृत्व शून्य. कोणीतरी राहायचं होतं आणि माझी बस सगळ्यात शेवटी होती. वाडा आहे, भाडेकरूंसकट. गेल्या महिन्यात पुनर्विकासाच्या करारावर सही झाली. दिवाळीनंतर तीन वर्षं भाड्याच्या घरात, मग परत इथेच, सातव्या मजल्यावर. आई सही करून आली आणि फळीवरचे डबे काढून पुसायला लागली. म्हटलं, अजून सहा महिने आहेत. म्हणाली, पुसायचे होतेच.

आयुष्यात पहिल्यांदा माझा आकडा बदलणार आहे.

मापकाटा

परत आल्यावर आडवं शून्य, उभं अंदाजे एकवीस मीटर. भिगवण_थांबा यांच्या उलट्या दिशेने. (सामान हलवायला हात लागले तर सांगा. शास्त्री रस्ता ओलांडून येतो.)

कृष्णाकाठ

वाईला जाऊन आलो. आईला विचारलं, मेणवलीला किती वेळा जायचीस?

आधी म्हणाली, "जायचे की." मग कणीक मळता मळता बोलली. लग्न १९७४ चं. पंचमीला आणि दिवाळीला, सासऱ्यांची परवानगी निघाली तर. मधल्या दिवशी नाही. एकदा तिच्या आईला ताप होता, कळलं तेव्हा उतरून चार दिवस झाले होते.

मग म्हणाली, "आपला दूधवाला मेणवलीचाच होता ना. रोज सकाळी आमच्या घरावरून रतीब घालत घालत इकडे यायचा. तो माझ्या आईला रोज बघायचा. मी त्याला विचारायचे, आज पातेलं कोणी पुढे केलं? आईने म्हणाला की बरं वाटायचं. वहिनीने म्हणाला की दिवसभर जीव लागायचा नाही."

मी चाळीस वर्षं त्या घरात जेवलोय, हे मला माहीत नव्हतं. बाबा शेजारीच पेपर वाचत होते, त्यांनाही नव्हतं. पान उलटायचे थांबले होते मात्र.

ओटीचा_नारळ, तुम्ही विचारलं नसतंत तर मी विचारलं नसतं.

ओटीचा_नारळ

आईंना माझा नमस्कार सांगा. आणि पुढच्या वेळी मेणवलीला घेऊन जा. घाट बघायला नको, पाहुणे म्हणून नको, नुसतं जाऊन बसायला.

कृष्णाकाठ

म्हटलं तिला. म्हणाली, "आता तिथे कोण आहे?" पण जाताना पिशवीत काय न्यायचं, ते मात्र लगेच सांगितलं. कंदी पेढे. मी म्हटलं ते साताऱ्याचे चांगले, त्यावर पुढचा अर्धा तास दुसरंच भांडण झालं.

बाकी प्रकल्प सोमवारी दिला. शेरा आलाय: 'प्रयत्न चांगला. वाई-मेणवली रेषा दिसत नाही, ठळक काढा.'

मापकाटा

प्रमाण काय घेतलं होतं?

कृष्णाकाठ

अहो, कॅनडा बसवायचा होता.